साडेतीनचा भोंगा

माझं मेंडोलिन बेसूर आहे, असं शिवशरण मास्तरांनी सात रस्त्यावरच्या त्यांच्या क्लासात सहा माणसांदेखत सांगितलं, तेव्हा मी त्यांना उलट उत्तर दिलं नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण मी उलट उत्तर दिलं नाही असे प्रसंग माझ्या आयुष्यात बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. आमच्या मिलच्या कांडी खात्यात, म्हणजे कांड्यांवर सूत भरायच्या खात्यात, कुणालाही विचारा. वच्छलाच्या वाटेला जाऊ नका, असंच सांगतील.

पण आधी ते मेंडोलिन माझ्याकडे आलं कसं, ते सांगते. बाजाराच्या वाटेवर शेखलालचाचांचं वाद्यदुरुस्तीचं दुकान होतं. बँडवाल्यांच्या पितळी वाद्यांचे पोचे काढायचे, पेटीचे फाटलेले भाते चिकटवायचे, असली कामं. दुकानाच्या कोपऱ्यात मान मोडलेलं एक मेंडोलिन पडलेलं असायचं. मालक दुरुस्तीला टाकून गेला तो परत फिरकलाच नाही. सिनेमाच्या गाण्यांत मधेच एक तार थरथरत जाते, ती याच वाद्याची, हे मला तिथे कळलं. शेजारच्या कमरबीच्या रेडिओवर असं गाणं लागलं की माझ्या हातातलं लाटणं थांबायचं. मग शिफ्ट सुटली की मी रोज दुकानासमोर उभी राहून त्या मोडक्या लाकडाकडे बघायची.

एक दिवस चाचांनीच हटकलं. "रोज क्या देखती बेटी? ले जाव. मान मैं जोड देता. पर एक बात सुन, खिळ्याला टांगून ठेवायचं न्हाय. बजाना."

बोटं कुठे ठेवायची ते त्यांनी आठ दिवसांत दाखवलं. तारा छेडायची नखी मी तुटक्या कंगव्यातून कापून घेतली. तारा चार जोड्यांत असतात, जोडीतल्या दोन्ही तारा एकच सूर बोलायला हव्यात. तारा जुळवायच्या कशा, हे विचारलं तेव्हा चाचा भोंपूतली घाण काढण्यात गुंतलेले होते. वर न बघता म्हणाले, "पहिले एक जोडी मिला ले. रोज एकच सूर देनेवाली कोई चीज पकड, जो कभी बदलती नहीं. बाकी तारां उसके पीछे आती."

त्यांच्या मनात पेटी होती, हे मला सहा वर्षांनी कळलं. आमच्या चाळीत पेटी कुणाकडे असणार? मी घरी येऊन विचार करत बसले, की रोज एकच सूर देणारी आणि कधीच न बदलणारी अशी आपल्याकडे कोणती गोष्ट आहे. नवऱ्याचं घोरणं मनात आलं, पण ते बदलतं. तेवढ्यात मिलचा भोंगा झाला.

सकाळी सातला, दुपारी साडेतीनला आणि मध्यरात्री. वाफेचा भोंगा. आधी खालून गुरगुरायचा, मग चढत चढत वर जायचा आणि एका जागी जो उभा राहायचा तो मिनिटभर हलायचा नाही. मी तिसरी जोडी त्याला मिळवली. बाकीच्या तारा तिच्या मागे आल्या. सहा वर्षं मी अशीच वाजवत होते, आणि आपलं काही चुकतंय अशी शंका मला एकदाही आली नाही.

चौऱ्याहत्तर साली शिवशरण मास्तरांच्या ऑर्केस्ट्रातला मेंडोलिनवाला मुंबईला निघून गेला. सोलापूर जिल्ह्यात मास्तरांच्या ऑर्केस्ट्राला तेव्हा तोड नव्हती. लग्न असो, जत्रा असो, साखर कारखान्याचा समारंभ असो, मास्तरांचीच पेटी. कमरबीचा रफीक त्यांच्याकडे ढोलक वाजवायचा. त्यानं माझं नाव सुचवलं. मी ठेवणीतलं लुगडं नेसून, मेंडोलिन उशीच्या अभ्र्यात घालून क्लासात गेले. त्या ऑर्केस्ट्रात बसायचं, एवढीच एक इच्छा मी देवाकडे मागितली होती. पोरंबाळं, घरदार असलं काही मागितलंच नव्हतं.

मास्तरांनी पेटीवर सूर दिला आणि मी वाजवायला सुरुवात केली. तिसऱ्या ओळीला त्यांनी हात वर केला.

"बाई, कुटल्या पट्टीत लावलंय हे?"

"भोंग्याच्या," मी म्हणाले.

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत, ते चिडले. काळी एक आणि पांढरी दोन या दोन पट्ट्यांवर बोट आपटत म्हणाले, "तुमचा सूर हिच्या वर हाय आन् हिच्या खाली हाय. हितं पेटीत पट्टीच न्हाय, बाई. नुसती फट हाय!" माझ्या हातातून मेंडोलिन घेऊन त्यांनी स्वतःच खुंट्या पिळल्या. तारा जुन्या होत्या. पहिली तार टणकन तुटली. "वाद्य बेसूर आन् कानबी बेसूर. जावा, कांड्या भरा."

चाळीपर्यंत चालत आले आणि दार लावून रडले. रागानं रडू येतं तसलं. धोंडीराम, म्हणजे आमचे मालक, त्याच मिलमध्ये साच्यांवर, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, होते. वीस वर्षं साच्यांच्या खडखडाटात काढून त्यांचे कान पार मंदावलेले. माझं मेंडोलिन त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. मी वाजवत असले की समोर बसून बोटांकडे बघायचे आणि मान डोलवायचे, तेही चुकीच्या जागी. त्यांच्या कानात ओरडून मी सगळी हकिगत सांगितली.

ते शांतपणे म्हणाले, "मग पेटीला लाव की."

खरंच होतं ते. मी चाचांकडून नव्या तारा आणल्या, त्यांच्याच दुकानातल्या पेटीवर पांढरी दोन धरून मिळवल्या, आणि घरी येऊन वाजवलं. काही बिघडलं नाही. छान वाजलं. पण दुसऱ्या दिवशी माझी हप्त्याची सुट्टी होती, सातचा भोंगा झाला आणि तो सूर माझ्या तारेशी असा काही भांडायला लागला की माझे दात शिवशिवले. ज्याच्या बोटाला धरून मी चालायला शिकले, त्यालाच मी ओळख दाखवत नव्हते. भोंगा संपायच्या आत मी खुंट्या उतरवल्या आणि तारा होत्या तिथे आणून ठेवल्या. हट्ट म्हणा, आडमुठेपणा म्हणा. मला दोन्ही शब्द चालतात.

त्या वर्षी मिलच्या कामगार मंडळाच्या गणपतीत वाद्यांवर सिनेमाची गाणी वाजवायची स्पर्धा ठरली. मंडळाचे अध्यक्ष बसप्पा मोठे मानी. त्यांनी मास्तरांना सुनावलं होतं, "तुमचा ऑर्केस्ट्रा आमच्या मांडवात मोठा झाला. नवा मेंडोलिनवाला बी मांडवातच निवडायचा, लोकांच्या म्होरं." जो जिंकेल तो दसऱ्यानंतर अकलूजच्या कार्यक्रमाला ऑर्केस्ट्रात बसणार आणि पुढेही तोच राहणार. पाच नावं आली. चार पुरुष, आणि पाचवी मी.

स्पर्धा दुपारी तीन ते चार. म्हणजे दुसऱ्या पाळीवाल्यांना आत जाण्याआधी ऐकता येईल आणि पहिल्या पाळीवाल्यांना बाहेर आल्यावर. कोणी केव्हा वाजवायचं याचा कागद मास्तरांनी लिहून मांडवाच्या खांबाला चिकटवला. माझ्या नावापुढे वेळ होती तीन वाजून सत्तावीस मिनिटं. प्रत्येकाला पाच मिनिटं.

कागद वाचून लोक हसायला लागले. का, ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. आमच्याकडे भोंगा पाळतात. मिलची चिमणी मांडवापासून हाकेच्या अंतरावर. भोंगा सुरू झाला की बोलणारा थांबतो, गाणारा थांबतो, भटजी मंगलाष्टक अर्ध्यावर सोडतात. नळावरचं भांडणसुद्धा थांबतं, आणि भोंगा संपला की त्याच शिवीपासून पुढे सुरू होतं. गणपतीच्या मांडवात तर माइकवाला बटण बंद करून तंबाखू मळायला घेतो. म्हणजे मी दोन-तीन मिनिटं वाजवायचं, मग गप्प बसायचं, आणि लोक पाणी पिऊन, पाय मोकळे करून परत येईतो माझी वेळ संपलेली.

"वच्छलाबाईला भोंग्याची सवय हाय," मास्तर म्हणाले. पुन्हा हशा.

त्या दिवशी मी कामावर खाडा केला. सातच्या भोंग्याला तिसरी जोडी पक्की मिळवली. पण भाद्रपदातलं ऊन कसं असतं ते सोलापुरात राहिलेल्यालाच ठाऊक. मांडवाला वरून पत्रे. दुपारपर्यंत वाद्य हाताला चटका देऊ लागलं. उन्हानं तार सैल पडते आणि सूर उतरतो, एवढं मला कळत होतं. पण किती उतरला ते कशावरून बघणार? माझी पेटी साडेतीनला वाजणार होती.

माझ्या आधीच्या दोघांनी बरं वाजवलं. एकजण तर छानच वाजवून गेला. पंजाबीसारखा दिसणारा तो पोरगा खरं तर जवळच्याच मैंदर्गीचा होता. मग माझं नाव पुकारलं. साथीला मास्तरांची पेटी आणि रफीकचा ढोलक, असा नियम होता. मी पाटावर बसले. मास्तरांनी पांढरी दोन दाबली.

"घ्या, सूर मिळवा."

मी खुंटीला हात लावला नाही. "पेटी नको, मास्तर. ढोलक बास हाय."

"आन् भोंगा झाला की मग काय करणार?"

"तोच हाय की साथीला."

पुढच्या रांगेत कांडी खात्यातली केराबाई बसली होती, ती खुदकन हसली. मास्तरांनी पेटीचा भाता बंद करून हाताची घडी घातली. मी बोलले खरी, पण बोलून झाल्यावर मला उन्हानं तापलेल्या तारेची आठवण झाली. तोंड माझं असंच. आधी बोलतं, मग मला सांगतं. तार केसभर जरी उतरलेली असली तरी ते हजार माणसांच्या कानांना कळणार होतं. आणि मग भोंगावाली वच्छला हे नाव मला मरेपर्यंत चिकटलं असतं.

मी सुरुवात केली. गाणं त्या वर्षी सोलापुरातल्या प्रत्येक हॉटेलात वाजत होतं, त्यामुळे पहिल्या चार सुरांतच मांडवात शिट्टी झाली. मुखडा झाला. मधलं संगीत मी एकटीनंच वाजवलं, एरवी त्याला दहा वाद्यं लागतात. रफीकचा ठेका माझ्या नखीला असा धरून होता की माझी भीती थोडी मागे सरली. अंतऱ्यापाशी आले, आणि चिमणीच्या बाजूनं ते ओळखीचं गुरगुरणं सुरू झालं.

सवयीनं सगळ्यांनी आपापली कामं केली. माणसं उठली. माइकवाल्याचा हात बटणाकडे गेला. रफीकचे हात ढोलकावर तसेच थांबले. मी थांबले नाही.

"बटनाला हात लावू नगंस!" केराबाई माइकवाल्यावर अशी खेकसली की त्याची तंबाखू सांडली.

मी तिसरी जोडी मोकळी सोडली आणि तिच्यावर नखी थरथरवत राहिले. भोंगा खालून वर येत होता. रोज तो उभा राहिला की मी त्याच्याकडे जायची. आज मी जागेवर होते आणि तो माझ्याकडे येत होता. चढला, चढला, माझ्यापाशी आला आणि थोडा पुढे जाऊन उभा राहिला. थोडासाच. केसभर. पण तार उतरलेली होती आणि दोन सूर एकमेकांवर आपटून माझ्या छातीत लाटा उठत होत्या. समोर मास्तरांच्या ओठाचा कोपरा वर गेलेला मला दिसला.

मोकळी तार वर चढवता येत नाही. खुंटी पिळायला हात रिकामा नव्हता. पण चौथी, सगळ्यांत जाड जोडी सातव्या पडद्यावर दाबली की तोच सूर मिळतो, आणि दाबलेली तार बोटानं बाजूला ओढली तर सूर चढतो. माझ्या बोटांनी तिकडे उडी मारली. बोट रोवलं आणि ओढलं. तार मांसात शिरली. लाटा मंदावल्या. आणखी ओढलं. लाटा आणखी मंदावल्या, आणि थांबल्या.

माझं मेंडोलिन नाहीसं झालं. भोंग्यात विरघळून गेलं. आख्ख्या सोलापुरावर एकच सूर होता, आणि तो माझा होता.

तिथून मी अंतरा उचलला. प्रत्येक सूर तसाच केसभर ओढून. बोटं सोलली जात होती, पण खरं सांगू का, मला तेव्हा काही दुखलं नाही. एवढा मोठा षड्ज पाठीशी घेऊन आजवर कुणी वाजवलं असेल? आठ-आठ तास साच्यांच्या खडखडाटात एकमेकांशी बोलणारी माणसं होती ती. आवाजाच्या आत दुसरा आवाज ऐकायचा कसा, हे त्यांना कुणी शिकवायला नको. पाणी प्यायला उठलेली माणसं हातात पेला घेऊन तशीच उभी राहिली. रफीकनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि ढोलकावर थाप टाकली.

तेवढ्यात मिलचं फाटक उघडलं. पहिली पाळी सुटली होती. डोक्यावर कापसाचे तंतू घेऊन माणसं रोजच्यासारखी बाहेर पडली आणि रोजच्यासारखी घराकडे वळायच्या ऐवजी मांडवाकडे पळत सुटली. भोंगा गातोय, असं कुणीतरी ओरडलं म्हणे. त्यांच्यात मला आमचे मालक दिसले. ते मधेच थांबले, आणि त्यांनी एक हात कानामागे धरला.

मिनिट संपत आलं. भोंगा जाताना खाली घसरतो. तो घसरला, तशी मीही तारेवरून बोट न उचलता त्याच्याबरोबर घसरत खाली गेले, पार त्याच्या गुरगुरण्यापर्यंत. त्याला तिथे पोचवलं, आणि एकदम वर येऊन मुखडा पकडला. शेवटची ओळ मी वाजवली की नाही, मला माहीत नाही. ती कुणालाच ऐकू गेली नाही. टोप्या उडाल्या, टॉवेल उडाले. आमच्या खात्यातल्या बायकांनी ओच्यात बांधलेल्या रिकाम्या कांड्या हवेत फेकल्या. केराबाई पाटावर चढून माझ्या तोंडावरून हात फिरवत होती आणि बसप्पा माइकवर काहीतरी ओरडत होते. उरलेल्या दोघांनी नावं मागे घेतली होती आणि ते निकाल ओरडत होते, हे मला मागून कळलं.

मालक गर्दीतून वाट काढत आले. मी त्यांच्या कानात ओरडायला तोंड पुढे केलं, पण तेच आधी बोलले. "ऐकू आलं, वच्छला. पैल्यांदाच ऐकू आलं. समदं."

मग मात्र मी हजार माणसांसमोर ढसाढसा रडले. त्याची मला आजही लाज वाटत नाही.

मास्तर एवढा वेळ पेटीपाशी बसूनच होते. काळी एक आणि पांढरी दोन यांच्यामधल्या फटीवर बोट ठेवून ते बघत होते. गर्दी पांगल्यावर त्यांनी मला एवढंच विचारलं, "सकाळचा भोंगा सातलाच की?"

"सातलाच."

दुसऱ्या दिवशी पावणेसातला दार वाजलं. उंबऱ्याबाहेर मास्तर पेटी घेऊन उभे, आणि त्यांच्या मागे कानस घेतलेले शेखलालचाचा, गालातल्या गालात हसत. जे मास्तर कधी चाळीची पायरी चढले नव्हते, ते माझ्या दारात पोत्यावर मांडी घालून बसले. पेटी उघडून चाचांनी आतल्या पितळी पात्या काढल्या. पाती कानशीनं घासली की तिचा सूर हलतो. आख्ख्या ऑर्केस्ट्राची पेटी भोंग्याला मिळवायची, असं मास्तरांनी रात्रीतून ठरवलं होतं.

चाळ गोळा झाली. बोटं सोलल्यामुळे त्या दिवशीही माझा खाडाच होता, मी चहा टाकला. मास्तरांनी घड्याळ बघितलं, चिमणीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"धा मिनिटं हायत अजून," मी म्हणाले. "भोंगा हू द्या की."

"भोंग्याची वाट कशाला बगायची, बाई?" मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता. "तुमी द्या की सूर."

कांड्या भरायला सांगणाऱ्या माणसाला उलट उत्तर द्यायची याहून चांगली वेळ पुन्हा येणार नव्हती. जिभेवर चार उत्तरं तयार होती, एकाहून एक झोंबणारी. मी ती गिळली. पहाटेच्या गारव्यानं तारा परत ताठ झाल्या होत्या. सोललेल्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्याच होत्या, पण मोकळ्या तारेला डावी बोटं लागत नाहीत. मी मेंडोलिन मांडीवर घेतलं आणि तिसरी जोडी छेडली.

चाचांनी पातीला कानस लावली. घासलं, फुंकलं, ऐकलं, पुन्हा घासलं. मी तार थरथरवत राहिले. पाती माझ्या सुरापाशी आली तशी चाचांनी कानस खाली ठेवली, आणि मास्तर डोळे मिटून म्हणाले, "मिळाली."

मग सातचा भोंगा झाला. तो खालून वर चढला आणि माझ्या तारेच्या आणि मास्तरांच्या पेटीच्या शेजारी येऊन उभा राहिला.